डाव्या टोकाची गाठ

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत गोधड्यांची बैठक सुरू होऊन चौदा वर्षे झाली होती, आणि एवढ्या काळात तिचा नियम एकच राहिला होता. तो मंगलाबाईने घातलेला. दुसरीचा टाका चुकलेला दिसला तर तो तिथल्या तिथे, तिच्या तोंडावर सांगायचा. आणि जिचा टाका तिनेच तो उसवायचा, इतर कोणी त्याला हात लावायचा नाही. ऐकायला हा नियम सोपा वाटतो. पण उद्या सकाळी नळावर जिचे तोंड पाहायचे आहे, तिला आज चारचौघींत तिची चूक सांगणे किती कठीण असते, हे एका भिंतीची दोन घरे असलेल्या गल्लीत राहिल्याखेरीज कळत नाही. मंगलाबाईचे म्हणणे असे, की जिला एवढे सांगता येत नाही तिने बैठकीला खुशाल यावे, चहा घ्यावा, गप्पा माराव्यात. सुई मात्र मागू नये.

बैठक दर पुनवेच्या दुपारी भरे, गल्लीच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या हॉलमध्ये. श्रावणात तिथे कानबाई देवी बसे. एरवी तो लग्नाला, बारशाला, दहाव्याच्या जेवणाला उपयोगी पडे. बायका नऊ. बहुतेक खानदेशातल्या, एकटी ज्योती जालन्याकडची, जी गोधडीला वाकळ म्हणे आणि त्यावरून चेष्टा करून घेई. सगळ्यांचे नवरे लूमवर, यंत्रमागावर, आणि लूमचा खटखटाट भिंतीतून हॉलमध्येही येई. इतका सवयीचा, की तो थांबला तरच बायका मान वर करून पाहत.

सुरतेत कापडाचा तोटा आहे असे कोणी म्हटले तर लोक त्याला वेड्यात काढतील. गोधडी शिवणारीला मात्र तो तोटा खराच जाणवतो. लूमवरून उतरते ते बहुतेक कृत्रिम धाग्याचे, निसरडे. सुई त्यावर घसरते, घाम त्यात मुरत नाही, आणि दोन वर्षांत आतले थर गोळा होऊन कोपऱ्यात जाऊन बसतात. म्हणून कोणीही गावी गेली, की येताना आईची, मावशीची, चुलतसासूची विटलेली सुती लुगडी मागून आणी. एका गोधडीला एकीची पाळी. तिच्या घरची लुगडी आत, सगळ्यांकडची ठिगळे वर, आणि नऊ जणींचे धावदोरे त्यांतून आरपार.

सुयाही नऊच होत्या. जर्मनच्या एका डबीत, फ्लॅनेलच्या तुकड्याला टोचलेल्या. मंगलाबाई त्या वाटून देई आणि उठताना मोजून घेई. नववी सुई डबीत आल्याशिवाय कोणी चटईवरून उठायचे नाही. कारण गोधडीत राहिलेली सुई आज ना उद्या कोणाच्या तरी अंगात शिरते. डबी मंगलाबाईकडे असे आणि अर्धवट शिवलेली गोधडी पुष्पाबाईकडे. ही वाटणीही पहिल्या दिवसापासूनची.

पुष्पाबाई म्हणजे भिंतीपलीकडची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन सुरतेला आल्या, एकमेकींच्या बाळंतपणांत एकमेकींच्या उशाशी बसल्या. पुष्पाबाई डावखुरी. लहानपणी आईने तिचा डावा हात ओढणीने बांधून ठेवला, सासरी पहिल्याच पंगतीत डाव्या हाताने वाढायला घेतले म्हणून सासूने वाडगे हिसकावले. हात काही बदलला नाही. बैठकीत ती नेहमी मंगलाबाईच्या डाव्या बाजूला बसे. एकीचा सुईचा हात उजवीकडे जाई, दुसरीचा डावीकडे; चौदा वर्षांत कोपराला कोपर कधी लागले नाही. दुपारी चारला पुष्पाबाई मधल्या भिंतीवर एक ठोका मारी. मंगलाबाईने उलट दोन मारले की चहाला ये, असा त्याचा अर्थ.

मंगलाबाईचा नवरा पंडित गेल्या भाद्रपदात वारला. रात्रपाळी करून आला, पाणी मागितले आणि तांब्या हातात यायच्या आत गेला. त्यानंतरच्या पुनवेला ती बैठकीला आली नाही. कार्तिकी पुनवेला आली, तेव्हा बायकांना वाटले होते की आज ती नुसती बसेल. पण तिने डबी उघडली, सुया वाटल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत कमलला सांगितले, की तुझा टाका उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो.

"मावशी आली!" कमल म्हणाली. "आता मला बरं वाटलं. महिनाभर कोणी शिव्या दिल्या नव्हत्या, अंग नुसतं जड झालं होतं."

सगळ्या हसल्या. मंगलाबाईही हसली. घर रिकामे झाले होते, पण हात रिकामा नव्हता. बैठक उठताना रिवाजाप्रमाणे गोधडी सगळ्यांच्या मांडीवरून फिरली आणि प्रत्येकीने तिच्या ओळीवर नजर टाकून सांगितले, की मावशी, तुझी रेघ म्हणजे ताणलेली दोरी. त्या महिन्यापासून हे शब्द ती दर पुनवेला ऐकत आली, आणि खरे सांगायचे तर तिला त्यांची गरज पडू लागली होती.

चैत्राच्या पुनवेला मात्र जरा वाईट प्रसंग झाला. ज्योती तिच्या समोर बसून शिवत होती. मंगलाबाईने सहज पाहिले, तर मधोमध ओळ पाण्यातल्या सापासारखी वळलेली.

"ज्योती, हे काय शिवलंस? लक्ष कुठे आहे तुझं?"

ज्योतीने आपली ओळ निरखून पाहिली. मग ती मंगलाबाईकडे पाहू लागली. "मावशी, काय चुकलं?"

"वर विचारतेस? हातभर रेघ नागमोडी गेली आहे. तुमच्या वाकळीला चालत असेल, इथं नाही चालायचं. उसव."

 कमलनेही थट्टा केली नाही. ज्योतीने एकदा पुष्पाबाईकडे नजर टाकली, मग मान खाली घालून हातभर टाके एकेक करून उसवले. तिच्या डोळ्यांतले पाणी ठिगळावर पडलेले सगळ्यांनी पाहिले. बाकीच्या माना खाली घालून बसल्या होत्या. पोरीची लाज वाटत असेल त्यांना, असे मंगलाबाईला वाटले. आपण थोडे टाकून बोललो, असेही वाटले. पण नियम तो नियम; तो लहानाला लागतो तसा थोरालाही लागतो, म्हणून तर बैठक टिकली, अशी तिने मनाची समजूत घातली.

वैशाखात आणि ज्येष्ठात बाळाची गोधडी झाली. मंगलाबाईची सून धनश्री हिला सातवा महिना लागला होता. बाळाच्या गोधडीचा पहिला फेर, म्हणजे कडेने चारी बाजूंना जाणारी पहिली ओळ, बापाच्या आईने घालायची असा त्यांच्यातला रिवाज. बाकीचे टाके कोणाचेही असोत. त्या फेराच्या आत बाळ झोपते. मंगलाबाईने आत पंडितच्या आईचे लुगडे घातले, कोपऱ्यांत ज्वारीचे चार-चार दाणे ठेवले आणि पहिला फेर घालायला एक सबंध दुपार घेतली. पुढच्या पुनवेला बाकीच्या ओळी भरल्या. गोधडी धुऊन, उन्हात वाळवून पुष्पाबाईने तिच्या हातात दिली. चौदा वर्षांत मंगलाबाईच्या स्वतःच्या घरी आलेली ही पहिलीच बाळाची गोधडी. तिने ती कपाटात ठेवली.

नंतर आठवडाभराने डोळ्यांचे शिबिर होते. मंगलाबाईला साखरेचा आजार. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, की एकदा डोळे दाखवून घ्या. ललितने, तिच्या मुलाने, कामावर जाताना तिला मोटारसायकलवरून सोडले. डोळ्यांची डॉक्टरीण गुजराती, तरुण, हसऱ्या तोंडाची. तिने थेंब घालण्याआधी एक पुठ्ठा समोर धरला. वहीच्या पानाएवढा, त्यावर काळ्या रेघांचे चौकोनच चौकोन, मधोमध एक ठिपका.

"बा, आ लीटीओ सीधी देखाय छे?"

रेघा सरळ दिसतात का, मंगलाबाईने निरखून पाहिले. गोधडीचाच नमुना वाटला तिला, फक्त शिवणारी कच्ची. "बाजूनी सीधी छे," ती म्हणाली, "वचली झोको खाय छे." कडेच्या सरळ, मधल्या झोका खातात.

डॉक्टरीण हसायची थांबली. तिने एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. डाव्या डोळ्याने रेघा थोड्या वाकत होत्या. उजव्याने मधले चौकोन वितळल्यासारखे दिसत होते.

"बा, बद्धी सीधी छे," ती हळूच म्हणाली. सगळ्या सरळ आहेत.

मग यंत्र झाले, थेंब झाले, थांबणे झाले. साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली होती. इंजेक्शने द्यावी लागणार होती; डाव्या डोळ्याची आशा होती, उजव्यात जे गेले ते बहुधा परत येणार नव्हते. सात-आठ महिना वहेलां आव्यां होत, बा, आधी आला असता तर, असे म्हणून तिने वाक्य अर्धे सोडले. मग राहवले नाही म्हणून विचारले, की काम करताना काहीच कसे जाणवले नाही?

"मी गोधड्या शिवते," मंगलाबाई म्हणाली. "माझी रेघ सरळ जाते. सगळ्या सांगतात."

परतताना रिक्षात तिच्या मनात हा विचार एखाद्या हिशेबी माणसाच्या डोक्यात चुकलेली बेरीज घोळावी तसा घोळत राहिला. सरळ रेघ जर मला वाकडी दिसते, तर मला सरळ दिसणारी रेघ वाकडी असली पाहिजे. मी आठ महिने मला सरळ दिसेल तशीच शिवत आले. म्हणजे माझी रेघ आठ महिने वाकडी असली पाहिजे. मग ताणलेली दोरी, ताणलेली दोरी म्हणून त्या जिचे कौतुक करत होत्या, ती रेघ कोणाची?

घरी आल्यावर तिने कपाटातून बाळाची गोधडी काढली. थेंबांमुळे डोळ्यांपुढे सगळे धुरकट होते, म्हणून ते मिटूनच घेतले. ठिगळांची बाजू वर धरून तिने कडेवरून बोट फिरवले. फेर सरळ होता. टाके बारीक, सारख्या अंतराचे, तिच्याच मापाचे. क्षणभर तिला हायसे वाटले. मग बोट पहिल्या गाठीवर अडले.

गोधडी शिवताना हातभर दोरा संपला की नवा घ्यावा लागतो, आणि दर नव्या दोऱ्याच्या आरंभी एक गाठ थरांच्या आत दडवावी लागते. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. मंगलाबाई उजव्या हाताची. ती कड आपल्याकडे घेऊन उजव्या टोकाकडून डावीकडे शिवत जाई. तिची गाठ दर हातभर ओळीच्या उजव्या टोकाला असायला हवी. इथे ती डाव्या टोकाला होती. पुढची बाजू तशीच. चारी बाजूंना, एकेका गाठीवर तिने बोट ठेवले. टाक्याचे माप उचलता येते, दोऱ्याचा रंग जुळवता येतो. शिवण्याची दिशा मात्र हाताबरोबर येते, आणि हात तर आईने बांधून ठेवला तेव्हाही बदलला नव्हता.

गोधडी मांडीवर तशीच ठेवून तिने सुनेला हाक मारली. धनश्री सुरतेत जन्मलेली, बडबडी. सासूच्या मांडीवर काय आहे ते पाहून तिची बडबड थांबली.

"हा फेर माझा नाही," मंगलाबाई म्हणाली.

"मम्मी, रागावणार नाही ना?"

"तुला ठाऊक होतं."

"पुष्पामावशीने शपथ घातली होती. म्हणाली, मम्मीच्या मनाला लागेल, आत्ता आत्ता तर पप्पा गेले."

"किती जणींना घातली शपथ?"

धनश्री पदराशी चाळा करत उभी राहिली. "सगळ्यांनाच."

आषाढी पुनवेला अजून तीन आठवडे होते. या तीन आठवड्यांत मंगलाबाई कोणाला काही बोलली नाही. चारला भिंतीवर ठोका पडे, ती उलट दोन मारी, पुष्पाबाई येई, दोघी चहा घेत. "डोळ्यांचं काय म्हणाली डॉक्टरीण?" पुष्पाबाईने विचारले, तेव्हा "थेंब दिलेत" एवढेच तिने सांगितले. मैत्रिणीच्या डोळ्याला डोळा देऊन खोटे वागणे किती सोपे असते हे तिला कळले. आणि आपण तीन आठवडे केले ते समोरची आठ महिने न अडखळता करत होती, हेही कळले. पहिले इंजेक्शन मधेच झाले. ललित सोबत होता. ती त्याचा हातही न धरता गेली.

पुनवेच्या दुपारी हॉलमध्ये उकडत होते. नव्या गोधडीची पाळी कमलची. तिने लुगड्यांचे गाठोडे सोडता सोडता सुरुवात केली, "माझ्या सासूचं लुगडं आहे हो, जपून शिवा. जिवंतपणी झोपू दिलं नाही, आता निदान अंगाखाली तरी राहील."

कोणी हसायच्या आत मंगलाबाईने पिशवीतून बाळाची गोधडी काढली आणि चटईवर पसरली.

"आधी हे," ती म्हणाली. "पुष्पा, हा पहिला फेर कोणाचा?"

पुष्पाबाईने पदर सावरला. गडबडली की ती अहिराणीवर येई. "तुनाच नं, बहीण. असं काय इचारस?"

"मी डावखुरी कधी झाले?"

  मंगलाबाईने पुष्पाबाईचा हात धरून त्याचे बोट गाठीवर टेकवले. "डाव्या टोकाला. ही पण. ही पण. माझ्या हाताने घातलेला फेर कुठे गेला?"

पुष्पाबाईने हात सोडवून घेतला नाही. बोलली ती खाली पाहून.

"कार्तिकी पुनवले तुनी सुई गोधडीमां राही गई व्हती. तुले समजनं नही. माले दिसनं, तुना हात रिकामा. मी मनी पदरनी सुई डबीत टाकी, नऊ भरी दिन्या. घर जाईसन सापडनी ती, कमलनी भाचीनी गोधडीमां. आनि रेघ देखी तुनी... पार भरकटेल. पंडितभाऊ जायेल दोनच महिना व्हयेल व्हतात. तुना हातमां तितली सुईच ऱ्हायेल व्हती, बहीण. ती बी काढी लेऊ?"

"म्हणून दर पुनवेला उसवत होतीस."

"हो."

"आणि पुन्हा शिवत होतीस. आणि सगळ्यांना सांगितलंस, की तिच्यासमोर असंच म्हणत राहायचं, ताणलेली दोरी."

"मावशी, आम्ही काय वाईट मनाने..." कमल मधे पडली.

"तू थांब. थट्टा करायला तोंड आहे, आठ महिने खरं बोलायला नव्हतं." मंगलाबाईचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बायकांना बरे वाटले असते. "उजवा डोळा गेला माझा, पुष्पा. थेंब नाही दिले, सुई टोचली डोळ्यात. डॉक्टरीण म्हणाली, आठ महिने आधी यायचं होतं. आठ. कार्तिकापासून मोज."

पुष्पाबाईच्या तोंडाचा रंग उडाला. "डोळानं माले काय माहीत? माले वाटनं वय झायं, हात कापस..."

"तुला नाही माहीत. मला तरी कसं माहीत होणार? माझा डोळा मला कोण दाखवणार होतं? टाका दाखवणार होता. वाकडा टाका मला कोणी दाखवला असता, तर मी त्याच दिवशी विचारलं असतं की का वाकडा जातो. तो तुम्ही माझ्या पाठीमागे सरळ करून ठेवलात आणि वर टाळ्या वाजवल्यात. मला बोलली असतीस तर मी रडले असते, भांडले असते, महिनाभर तुझं तोंड पाहिलं नसतं. पण डोळा राहिला असता."

 मायेने केले, हे खरे होते. भीतीनेही केले होते. मंगलाबाईच्या जिभेची भीती प्रत्येकीला होती. पण ज्या कारणाने एखादी गोष्ट केली ते कारण चांगले निघाले, म्हणून ज्याचे नुकसान झाले त्याचे नुकसान कमी होते, असे मानायला मंगलाबाई तयार नव्हती.

एकाएकी तिला काही आठवले. तिने वळून ज्योतीकडे पाहिले. पाहिले म्हणजे मान थोडी तिरकी केली, कारण आता तिला बाजूनेच नीट दिसे.

"ज्योती, चैतात तुला मी हातभर उसवायला लावलं. ती रेघ वाकडी होती का?"

ज्योतीने पुष्पाबाईकडे पाहिले.

"तिच्याकडे नको. माझ्याकडे बघून सांग."

"नव्हती, मावशी," ज्योती म्हणाली. "सरळच होती."

"मग उसवलीस कशाला?"

"पुष्पामावशीनं डोळ्यानं खुणावलं, की ऐक. अन् तुम्ही मोठ्या. मी घरी जाऊन लई रडले. यांना म्हणलं, मला आता शिवताच येत नाही."

 डोळा गेल्याचे तिला डॉक्टरणीने सांगितले होते. त्या दुपारी साऱ्या माना खाली का गेल्या होत्या, हे आज कळत होते. लाज वाटत होती ती पोरीची नव्हे. आंधळी म्हातारी सरळ रेघेला वाकडी म्हणून धडा शिकवत होती, आणि आठ शहाण्या बायका तिला तसे करू देत होत्या.

"उसव," ती म्हणाली.

ज्योती दचकली. पण ते तिला म्हटलेले नव्हते. मंगलाबाईने गोधडी पुष्पाबाईच्या पुढ्यात सरकवली. "जिचा टाका तिनेच उसवायचा. मी हात लावणार नाही. तुझा फेर आहे, तू काढ."

"मंगल, बाळनी गोधडी शे..."

"म्हणूनच."

पुष्पाबाईने सुईच्या टोकाने पहिला टाका उचलला. डाव्या हाताने एकेक टाका ओढत ती कडेने जाऊ लागली, आणि दर गाठीपाशी तिला थांबावे लागे, कारण डोळ्यांतून पाणी येऊन गाठ दिसेनाशी होई. कमलची लुगडी गाठोड्यात तशीच राहिली. कोणी दुसरे काम काढले नाही. चारी बाजू उसवायला तासाहून अधिक लागला. शेवटचा दोरा निघाला तेव्हा तिने गोधडी दोन्ही हातांनी मंगलाबाईकडे केली.

मंगलाबाईने सुई ओवायला ज्योतीकडे दिली. "इकडे येऊन बस. माझ्या डावीकडे."

पुष्पाबाई ती जागा सोडून भिंतीशी सरकली.

"आता मी शिवते. तू बघायचं आणि चुकलं की बोलायचं. मनात ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

मंगलाबाईने गाठ मारली, कड आपल्याकडे घेतली आणि उजव्या टोकाकडून शिवायला लागली. ज्योतीही उजव्या हाताची. तिचे कोपर मंगलाबाईच्या दंडाला लागले. तिने दचकून हात मागे घेतला.

"लागू दे. बघ तू."

पाच टाके झाले. ज्योती गप्प.

"बोल."

"तिसरा लांब पडला, मावशी. अन् चौथ्यापासून खाली उतरायला लागली."

मंगलाबाईने तीन टाके उसवले. पुन्हा घातले.

"आता?"

"आता वर चालली."

कोणी तरी हुंदका दाबला. मंगलाबाईने लक्ष दिले नाही. तिने डोळे मिटून घेतले, डाव्या हाताचे बोट कडेवर रोवले आणि बोटाच्या आधाराने एकेक टाका टाकत गेली, जसे अंधारात भिंत धरून जातात. "ही बरी आहे," असे ज्योती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा पाच वाजायला आले होते. वीतभर ओळ झाली होती. ताणलेल्या दोरीसारखी ती नव्हती. पण तिची होती, आणि तिच्यात काय चुकले ते एका तोंडाने तिला सांगितले होते.

उठताना सुया मोजल्या. मोजल्या ज्योतीने, मोठ्याने, नऊ भरल्या. मंगलाबाईने डबी तिच्याच हातात ठेवली. "पुढच्या पुनवेपर्यंत तुझ्याकडे. आणि उद्या सकाळी घरी ये, बाळ यायच्या आत फेर पुरा करायचा आहे."

दारात तिच्या चपला नीट जोडून, तोंडे बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या होत्या. त्या दर पुनवेला तशा कोण ठेवते याचा तिने आठ महिने विचार केला नव्हता. पुष्पाबाई बाजूला उभी होती. दोघी एकाच वाटेने घरी जाणाऱ्या. चौदा वर्षे हॉलमधून बरोबरच निघाल्या होत्या. मंगलाबाईने चपला पायांत घातल्या आणि ज्योतीचा खांदा धरला.

दुसऱ्या दिवशी चारला भिंतीवर ठोका पडला. मंगलाबाई ओट्यापाशी चहा ओतत होती. थोड्या वेळाने पुन्हा पडला, जरा हळू.

"मम्मी, पुष्पामावशी ठोकतेय," धनश्री म्हणाली.

"ऐकलं मी."

"मग?"

"जाऊन सांग तिला, की दारातून ये आणि काय ते माझ्या तोंडावर बोल. भिंतीवरून नको."

धनश्री गेली. बाहेर दार वाजले, पुटपुटल्यासारखे काही ऐकू आले, मग पुन्हा दार वाजले. ती एकटीच परत आली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. ऐकून घेतलं आणि आत गेली."

मंगलाबाईने मान हलवली. ओट्यावर तीन कप होते. तिसरा उचलून तिने त्यातला चहा पातेल्यात परत ओतला, सांडू नये म्हणून कडेला बोट लावून.